आईचा पुतळा करू नका

दोस्तहो, आपल्या सभांत आईवर बोलायला उठलेला माणूस कधी पडत नाही. जातीच्या आणि वर्गाच्या प्रश्नावर बोला, चार पोरं हरकत घ्यायला उभी राहतात. आईवर बोला, सभा गप्प. तिच्या हाताचे घट्टे, लुगड्याची ठिगळं, पोरांना वाढून ती स्वतः पाणी पिऊन झोपली ती रात्र. टाळ्या पडतात, वक्ता डोळे पुसतो. मग सगळे घरी जातात आणि आईनं वाढलेलं जेवतात.

ह्या टाळ्यांवर माझा विश्वास नाही.

आई म्हणजे माया, आई म्हणजे त्याग, असं म्हणत आपण तिचा पुतळा करून ठेवलाय. पुतळ्याची सोय अशी की त्याला हार घातला की काम संपतं. त्याला मत नसतं, त्याचं मत बदलत तर मुळीच नाही. पण ज्या बायांनी आपल्याला वाढवलं त्या एका जागी उभ्या नव्हत्या. पोरानं काय व्हावं हे त्यांनी ठरवलं, मोडलं, पुन्हा नव्यानं ठरवलं. ते ठरवणं म्हणजे नुसती माया नव्हती. हिशेब होता, डोकं होतं, राजकारण होतं. आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही. प्रस्थापितांनी नाही, आपण नाही.

आधी प्रस्थापितांचं बघू. मराठीत आई म्हटलं की 'श्यामची आई'. १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली पुस्तक आलं, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. माझं साने गुरुजींशी भांडण नाही. १९४७ साली पंढरपूरचं देऊळ आम्हाला उघडावं म्हणून हा माणूस उपोषणाला बसला. ते देऊळ आम्हाला पाहिजे होतं की नाही हा वेगळा वाद, पण माणूस बसला. माझं भांडण त्या आईच्या साच्याशी आहे. ती गरीब होते, कर्जात बुडते, आजारी पडते, मरते, पण पोराबद्दलचं तिचं ध्येय पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत एकच: श्याम चांगला व्हावा. बस्स. तिला ते परवडतं. श्याम शाळेत जाणार हे तिला ठरवावं लागत नाही, ते जन्माच्या आधीच ठरलेलं आहे.

त्याच पुस्तकात डोक्यावर मोळी घेऊ बघणारी एक महार म्हातारी आहे. श्यामची आई श्यामला सांगते, जा, उचलून दे, मग येऊन आंघोळ कर. त्या काळाच्या मानानं मोठं मन, मान्य. पण ती म्हातारीही कुणाची तरी आई असेल. तिनं आपल्या पोराबद्दल काय ठरवलं होतं? ते विचारायचं पुस्तकाला सुचलं नाही. मोळी उचलून दिली, प्रश्न मिटला.

श्यामचं पालगड दापोली तालुक्यात. त्याच दापोली तालुक्यात वणंद आहे. तिथली भिकू धुत्रे यांची लेक रमा. बाप दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचा. म्हणजे आमच्याच धंद्यातला, बंदरावरचा हमाल. रमाईला पाच मुलं झाली: यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. जगला एकटा यशवंत. राजरत्न गेला तो १९२६ साली. २७ मे १९३५ ला रमाई स्वतः गेली. ज्या साली मराठी घराघरांत श्यामच्या आईसाठी रडायला सुरुवात झाली, त्याच साली.

ह्या बाईचं पोरांबद्दलचं ध्येय काय असेल? चार लेकरं पुरलेल्या आईला 'संस्कार' हा शब्द तोंडावर फेकून बघा. तिचं ध्येय पहिलं आणि साधं असणार: हे एक जगू दे. नवरा जगातली मोठी विद्यापीठं पालथी घालून आलेला, आणि घरात लेकरं औषधपाण्यावाचून गेलेली. आपण रमाईचे फोटो लावतो, फोटोत ती शांत बसलेली असते. ती चार वेळा काय काय ठरवून बसली होती आणि चार वेळा तिला ते मोडावं लागलं, हे फोटोत दिसत नाही.

आता माझ्या गावचं सांगतो. तोंडवली. मालवण तालुका, एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, मध्ये माड आणि वाळू. पर्यटकाला ते सुंदर दिसतं. माझ्या आजीला त्यात मजुरी दिसायची. सुक्या खाडीत तिसरे काढायचे, दुसऱ्याचं भात कापायचं, रापणीचा दोर ओढून मिळेल तो वाटा पदरात घ्यायचा. आजीला सात झाली, चार राहिली. तिचं पोरांबद्दलचं धोरण एका वाक्याचं: "जगांदे, मगे बघूया." कुणी म्हणेल, काय हे अडाणी धोरण! मी म्हणतो, दवाखाना एका गावात, तर आणि दुसऱ्याच गावात, खिसा रिकामा, अशा जागी ह्याहून शहाणं धोरण सांगा.

मग 'मगे' कधी आलं? ते आपोआप आलं नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी बोलले ते आयांशी बोलल्यासारखं बोलले. पोरांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा पेरा, त्यांच्या मनातला कमीपणा काढा, लग्नाची घाई करू नका, फार पोरं होऊ देऊ नका. बघा, त्या दिवशी आईच्या हातात नवीन ध्येय दिलं गेलं. नुसता उपदेश नव्हता, पाठोपाठ जिने बांधले गेले. १९४४ साली अस्पृश्य पोरांसाठी मॅट्रिकपुढची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. १९५० ला संविधान, १९५६ ला धम्म. जिना असेल तर आई पोराला 'चढ' म्हणते. जिना नसताना 'चढ' म्हणणारी आई फक्त पुस्तकात असते.

रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार यांनी 'आयदान' लिहिलं, २००३ साली. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू: सूप, रोवळी, टोपली. त्यांचे वडील मास्तर, ते लवकर गेले, आणि पोरं शिकली पाहिजेत ही त्यांची इच्छा मागे राहिली. आई ओटीवर बसून आयदानं विणत राहिली आणि ती इच्छा तिनं आपली करून घेतली. मरता नवरा सांगून गेला म्हणून बाई राबली, असं आपण वाचतो. पण सांगणं एका दमाचं असतं, विणणं वर्षानुवर्षांचं. ध्येय कुणाचं म्हणायचं? सांगून गेला त्याचं, की जिनं बोटं चिरून घेतली तिचं?

माझ्या आईच्या वेळेपर्यंत 'जगांदे' मागे पडलं होतं. आजोबा मुंबईच्या गोदीत लागले होते. १९४८ चा गोदी कामगार कायदा, १९५१ ची मुंबईची योजना, त्याखाली नोंदलेले कामगार. त्याआधी टोळीवाल्याच्या मर्जीवर काम मिळायचं. नोंद झाली आणि जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे, फंड, म्हातारपणी पेन्शन. हे कुणी दान दिलं नाही, गोदी कामगारांनी संप करून मिळवलं. त्यातून आमच्या घरात एक शब्द आला: 'कायम'. आजोबा कायम आहेत. देव सुटले होते, त्या रिकाम्या कोनाड्यात हा शब्द जाऊन बसला.

आई लग्न होऊन त्या घरात आली आणि तिनं तो शब्द उचलला. माझा बाप कायम नव्हता. गवंड्याच्या हाताखाली होता, मी सातवीत असताना गेला. पुढचं सगळं आईनं एकटीनं ठरवलं. तिचं पहिलं ठरवणं: "कोणाच्या पडवीखाली उभो रवू नको." म्हणजे मागायला जायचं नाही. दुसरं: मॅट्रिक. तिसरं: सरकारी, कायम. बहिणीबद्दल तिचा बेत आधी वेगळा होता. मुंबईत खोली असलेला मुलगा बघायचा आणि पोरगी उजवायची. मग नात्यातली एक पोरगी कडेवर मूल घेऊन सासरहून परत आली, आणि आईनं बेत फिरवला. "चेडवाक आधी पगार, मगे घोव." कुणाचं भाषण ऐकलं नव्हतं, पुस्तक वाचलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलं आणि ठराव बदलला. आपल्या कमिट्यांना असा ठराव बदलायला तीन वर्षं आणि दोन फुटी लागतात. बहीण आज नर्सिंगला आहे.

मी मॅट्रिक झालो. आणि गोदीत आलो, पण आजोबा आले तसा नाही. दरम्यान जिन्याच्या पायऱ्या काढून नेल्या होत्या. १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झालं, पेटीबंद माल तिकडे गेला, ज्या मालाला शंभर पाठी लागायच्या त्याला एक क्रेन पुरे झाली. १९९४ साली मुंबईचं गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये मिसळलं. १९९७ साली संसदेत कायदा झाला, की मंडळं अशी मिसळली त्या मोठ्या बंदरांना १९४८ चा कायदा लागू नाही. यंत्राला माझा विरोध नाही, पाठ मोडण्यात कसली क्रांती? पण यंत्र आलं तेव्हा 'कायम' हा शब्दही उचलून नेला. मी एका ठेकेदाराकडे आहे. माझ्या कार्डावर संपायची तारीख छापलेली आहे.

जहाजाच्या अंगावर, पाण्याजवळ, पांढरे आकडे रंगवलेले असतात. गोदीत नवा पोरगा आला की त्याला वाटतं नंबर असेल. नंबर नव्हे. पोटात माल चढेल तसं जहाज बसतं, आकडे एकेक करून पाण्याखाली जातात. माल उतरला की वर येतात. जहाजावर किती ओझं आहे हे कप्तानाला विचारावं लागत नाही, धक्क्यावर उभं राहून वाचता येतं.

आईचं ध्येय असंच वाचायचं असतं. आजीचं 'जगांदे', मग 'शाळा सोडू नको', मग 'मॅट्रिक', मग 'कायम', मग बहिणीसाठी 'आधी पगार'. आकडे वर येत होते, कारण चळवळीनं ओझं उतरवलं होतं. आणि आज? आज आई रात्री फोन करते आणि दोनच गोष्टी विचारते. "जेवलंस? हात-पाय धड आसत?" नोकरीचं विचारत नाही, बढतीचं विचारत नाही. म्हणजे फिरून 'जगांदे'वर आली. आजीच्या आकड्यावर. तीन पिढ्यांनी वर आणलेले आकडे पुन्हा पाण्याखाली चाललेत. कामगार खात्याचा अहवाल कधी येईल तेव्हा येवो, माझ्याकडे आईचा फोन आहे.

आणि आपली पोरं काय म्हणतात? 'आई घाबरट आहे. मोर्च्याला जाऊ नको म्हणते, केस होईल म्हणते. आई प्रतिगामी आहे.' अरे, ती घाबरली नाही, तिनं मोजलं. ठेक्यावरच्या पोरावर एक केस झाली की दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चालत नाही, हे तिला कळतं. आकडा खाली गेला म्हणून जहाजाला शिव्या देऊ नका, ओझं उतरवा. तिला धीर द्यायचा असेल तर भाषण नको, कायम नोकरीची लढाई लढा, गावची शाळा टिकवा. २०१७ साली सरकारनं दहाहून कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांत मिसळायचं ठरवलं. कोकणातल्या आईसाठी त्याचा अर्थ लांबचा रस्ता आणि नदीनाल्याचा पावसाळा. अशा वेळी ती लहान पोरीला घरी ठेवते. तिला शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायला जाऊ नका, तिला ते तुमच्या आधी कळलेलं आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पुष्कळांना झोंबणार आहे.

पोरं मोठी झाल्यावर आईनं काय करायचं? पुतळ्याच्या हिशेबात उत्तर सोपं आहे: नातवंडं. तिचं ध्येय म्हणजे आपण. आपण झालो, ती संपली. हे आपल्याला इतकं गोड वाटतं की आपण ह्यालाच संस्कृती म्हणतो, आणि मग मनुस्मृती जाळल्याचा वाढदिवस साजरा करतो. बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात बाई असावी, असंच त्या पुस्तकात लिहिलं होतं ना? मग मुलाच्या ताब्यातलं तेवढं पान आपण का वाचवून ठेवलं?

बाबूराव बागुलांची 'आई' नावाची कथा आहे. वर्गात मास्तर आईवरची कविता शिकवतात, आणि पोरं एका मुलाला त्याच्या आईवरूनच हिणवतात. ती विधवा, कष्टकरी, तरुण. तिला पोटासारखीच अंगाची भूक आहे, जगायची इच्छा आहे. ज्याला आईचा पुतळा पाहिजे त्याला ती कथा सोसत नाही. बागुलांनी ती लिहिली, कारण त्यांना आई माणूस म्हणून पाहिजे होती.

आणि आयांनी स्वतः काय केलं ते बघा. अरुण कांबळे पँथरच्या संस्थापकांपैकी, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांची आई शांताबाई कांबळे १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाली. पोरं वाढवली, नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर लिहायला बसली. १९८६ साली 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तक आलं. नावात बघा, 'माज्या' जल्माची. लेकाच्या नव्हे. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून, वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात आलं, मग १९८६ सालीच पुस्तक झालं. दहा बाळंतपणं झालेल्या बाईला स्वतःचं लिहिणं चोरून करावं लागलं, आणि चोरी कुणापासून, तर आपल्याच घरापासून. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघी गावोगाव फिरल्या, बाबासाहेबांच्या चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना भेटल्या, त्यांचं बोलणं लिहून घेतलं. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' निघालं. 'आम्हीही' हा शब्द वापरावा लागला, ह्यातच सगळं आलं.

काहीजण म्हणतील, हे पांढरपेशी थेर आहेत, कष्टकरी आईला कसलं आलंय स्वतःचं ध्येय. त्यांच्यासाठी एक बातमी देतो. माझी आई पन्नाशीला आली. सातवीनंतर तिची शाळा सुटली, पुढची शाळा लांब होती म्हणून. ह्या वर्षी तिनं सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. बाहेरून मॅट्रिकला बसायचा फॉर्म. वाडीतल्या बाया हसल्या, आता कित्याक म्हणाल्या. तिनं सांगितलं, "पोरांका शिकवलंय. आता मिया शिकतलंय." ह्यात नोकरी नाही, बढती नाही, कुणाचं भलं नाही. नुसतं तिचं आहे. मला विचाराल तर आमच्या घरात आलेला हा सगळ्यात वरचा आकडा.

तेव्हा माझं म्हणणं असं. येत्या ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, आईवर एकाही पोरानं भाषण करू नये. आयांना बोलवा आणि माईक त्यांच्याकडे द्या. प्रश्न तीन विचारा. पोर पोटात होतं तेव्हा काय ठरवलं होतंस? ते कधी आणि कुणामुळे बदलावं लागलं? आता तुला स्वतःला काय पाहिजे? उत्तरं शब्दाला शब्द लिहून घ्या, सुधारू नका, शुद्ध करू नका, मालवणीत असेल तर मालवणीत. ह्या अंकासारखा दुसरा अंक त्यातून होईल, आणि तो आपल्या कवितांपेक्षा जड होईल.

सभा संध्याकाळी सातला ठेवू नका, त्या वेळी चूल पेटलेली असते. ठेवलीच तर चुलीपाशी तुम्ही बसा. भाकरी करपली तर करपलेली खा. आणि तिनं सांगितलेलं तुमच्या मनासारखं निघालं नाही, तर 'आई, तुला कळत नाही' असं म्हणू नका. कळतं तिला. आपल्या सगळ्यांचं ओझं तिनं वाचलेलं आहे.